तोंडी हरकत

फ्रायबुर्ग, जर्मनी
१० सप्टेंबर २०२३

प्रिय आण्णा,
जयभीम.

आठवड्यातून दोनदा फोन करणारी लेक एकदम कागद-पेन घेऊन बसली, म्हणून हसू नका. महिना होत आला, तुम्ही फोनवर येतच नाही. स्वप्नाली उचलते आणि दर वेळी नवं कारण सांगते. आण्णा झोपल्यात. आण्णा विहारात गेल्यात. आण्णा अंघोळीला बसल्यात. ऋतुराजशी लग्न होऊन ती आपल्या शेजारच्या घरात आली तेव्हापासून मी तिला ओळखते. तिला खोटं बोलता येत नाही. मध्येच थांबते आणि मग भांड्यांचा आवाज करते.

रागावलात का? ऑगस्टात शेवटचं बोललो तेव्हा तुम्ही विचारलंत, कधी येणार. मी म्हटलं, परीक्षा झाल्याशिवाय नाही, म्हणजे पुढच्या ऑगस्टपर्यंत नाही. तुम्ही नुसतं खोकलात. आवाज बसला होता तुमचा, मला वाटलं भरून आलंय. पण आण्णा, कोल्हापुरात केलेलं माझं नर्सिंग इथे ही परीक्षा दिल्यावरच मानतात. तोवर मी वृद्धाश्रमात मदतनीस, म्हाताऱ्यांना भरवणारी आणि पुसणारी. आई गेली तेव्हा सगळं टाकून आले, सात महिने राहिले, आणि इथली पहिली जागा गेली. त्यावरून तुम्हीच मला अजून बोलता.

बरं, गंमत सांगते. रविवारी मी इथल्या एका ध्यानवर्गाला जाऊ लागलेय. बहुतेक सगळे जर्मन, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त लोक. पायमोजे घालून ओळीत बसतात. पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, "तू बौद्ध कधी झालीस?" मी म्हटलं, "मी जन्मायच्या आधी. छप्पन साली." त्यांनी डोळे मोठे केले. त्यांना वाटलं मी मागच्या जन्माचं सांगतेय!

आणि इथे बागेचं सामान विकणाऱ्या दुकानात कुंड्यांच्या शेजारी बुद्धाची डोकी मिळतात. नुसती डोकी. गळ्याखाली काही नाही. लोक बाथरूममध्ये ठेवतात, शांत वाटतं म्हणे. त्या दुकानात मी किती वेळ उभी होते. काय वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. नव्या पुस्तकात लिहीन, जमलं तर. परदेशातला बुद्ध आणि आपला, असं काहीतरी डोक्यात आहे.

रागावला असाल तर फोनवर रागवा. पण बोला.

तुमची,
अनुजा

---

गावाकडून,
५ ऑक्टोबर २०२३

चि. अनुजास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनला वाटलं कोर्टाची नोटीस हाय, लांबनंच दिलं आणि गेला.

रागबिग काय न्हाय. मोबाईल बादलीत पडला. तेव्हापासनं माझा आवाज पलीकडं जातच न्हाय. दुरुस्तीला टाकलाय. आणि खरं सांगू का, फोनवर काय, जेवलीस का, पाऊस हाय का, झालं. तू लेखिका हायस. लिही की बापाला. मी कारखान्यात बॉयलरवर जन्म काढला, सातवी शिकलोय, पण तुझी दोन्ही पुस्तकं मी दोनदा वाचल्यात. इथनं पुढं पत्रच लिहायचं. मी वारणानगरच्या पोस्टात टाकत जाईन.

बुद्धाचं नुसतं डोकं विकत्यात व्हय? मग बाकीचं अंग कुणाच्यात गेलं? आपल्याकडं कुणी पुतळा फोडला तर पोलीस येत्यात. तिथं फोडूनच विकत्यात म्हण की.

विहारात वंदना आता स्वप्नाली घेती. किती दिवस म्हाताऱ्यानंच वरडायचं? सुरवातीला लाजत होती, आता बरं म्हणती. पालीतला एखादा शब्द चुकला तर मी नुसता डोळा मोठा करतो, ती परत म्हणती.

गावात एक भानगड निघालीय. आपली मसणवट ओढ्यालगत, रस्त्याच्या कडंला हाय न्हवं, तिथं ग्रामपंचायतीला दुकानगाळे काढायचेत. रस्ता मोठा झाल्यापासनं त्या जागेवर सगळ्यांचा डोळा. दोन तारखेच्या ग्रामसभेत विषय निघाला म्हणं, मी गेलो न्हवतो. सव्वीस जानेवारीला ठराव यायचा हाय. तवा बघू. तुझी आई तिथंच हाय, माझा बा तिथंच हाय.

मधनंअधनं कोल्हापूरला चक्कर होती. काळजीचं काय न्हाय. अभ्यास कर.

तुझा,
आण्णा

---

फ्रायबुर्ग
१२ नोव्हेंबर २०२३

प्रिय आण्णा,
जयभीम.

तुमचं अक्षर बघून बरं वाटलं. जरा वाकडं झालंय, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

गेल्या महिन्यात सुट्टी काढून आमच्या ध्यानवर्गाबरोबर एका शिबिराला गेले होते. इथून जवळच डोंगरात काळं जंगल आहे, त्यात जुन्या शेतघरात. पूर्ण आठवडा मौन. बोलायचं नाही, फोन नाही, वाचायचं नाही, एकमेकांच्या डोळ्यांतसुद्धा बघायचं नाही. पहिले दोन दिवस वेड लागेल असं वाटलं. मग काहीतरी सैल झालं. आण्णा, मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उत्तर देत नव्हते. तू कोण, कुठली, का आलीस, परत कधी जाणार, यांतलं काही नव्हतं. खिडकीबाहेर धुकं होतं आणि मी होते. मला वाटलं, बुद्ध हाच. आपण विहारात लाउडस्पीकर लावून जे करतो त्यात हे कुठे आहे?

परत आले तर आश्रमातल्या ब्रांट आजी गेल्या होत्या. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती, दीड वर्ष त्या फक्त बघायच्या. लेक लांब राहते, ती आली नाही. मी त्यांना आंघोळ घालून साडी नेसवावी तसं मन लावून कपडे घातले. वाचा गेल्यावर त्यांना आत किती शांत वाटत असेल, असं तेव्हा मनात आलं. शिबिराचा परिणाम असेल.

तुम्हीही एकदा करून बघा. आठवडाभर गप्प राहायचं. तुमच्यासारख्या पहाडी आवाजाच्या माणसाला अवघड जाईल, पण काय सापडतं ते मला लिहा. पुस्तकात घेईन.

मोबाईल अजून दुरुस्त झाला नाही?

अनुजा

---

गावाकडून,
८ डिसेंबर २०२३

चि. अनुजास,
जयभीम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा जास्त आला.

तुला एक सांगतो, ते तुझ्या पुस्तकात घाल. माझा आजा, म्हणजे तुझा पणजा, गावात कुणी मेलं की त्याचा सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावाला जायचा. चालत. दारात लांब उभा राहायचा आणि वरडून सांगायचा, अमक्याचा बा गेला. त्याचं जन्मभराचं बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या मयताचा निरोप. स्वतःचं म्हणून एक वाक्य त्यानं वरच्या आळीत मोठ्यानं बोलल्यालं न्हाय. बोलला असता तर दात पाडलं असतं.

माझ्या बानं दीक्षा घेतली आणि दारात उभं राहून मोठ्यानं त्रिसरण म्हटलं. एकदा न्हाय, रोज सकाळी. वरच्या आळीतनं माणूस आला विचारायला, कसला दंगा चाललाय? बा म्हणाला, दंगा न्हाय, धर्म हाय.

आपल्याला बुद्ध भेटला तो तोंड उघडायला. त्यानं तरी कुठं तोंड मिटलं? म्हातारा हुस्तर गावोगाव फिरून बोलतच होता. तुझ्या त्या लोकांस्नी पिढ्यान्‌पिढ्या बोलून कंटाळा आला असंल, बसू देत गप. आपण लई दिवस गप होतो. गप बसून काय सापडतं ते मला विचारू नगंस.

आणि त्या म्हातारीला आत शांत वाटत असंल, हे तुला कुणी सांगितलं? तिनं? तिला बोलता येत न्हवतं न्हवं?

जास्त लिहिलं असंल तर सोडून दे. थंडी पडलीय. कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. ऊसवाहतूक सुरू हाय, रस्त्यानं रात्रंदिवस ट्रॅक्टर. जपून राहा.

आण्णा

---

फ्रायबुर्ग
५ जानेवारी २०२४

प्रिय आण्णा,
जयभीम.

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर तीनदा लिहून फाडलं.

तुमचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. मी तुमचीच मुलगी आहे. पण तुम्हीही माझं ऐका. कोल्हापुरात नर्सिंगला होते तेव्हा खोली बघायला गेले की घरमालकीण आधी नाव विचारायची. मग आडनाव. मग, "मधाळे म्हणजे कुठले?" मग चहा द्यायची आणि म्हणायची, खोली कालच गेली. चहा मात्र वेगळ्या कपात. मी तोंड उघडलं की भांडणच व्हायचं. भांडून भांडून मी दमले, आण्णा. इथे कुणी मधाळे म्हणजे कुठले, असं विचारत नाही. ट्राममध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते, तेही मला दिसतं. एका आजोबांनी माझ्या हातून जेवायला नकार दिला होता, तेही गिळलं. पण डोळे मिटून बसले की निदान तेवढा वेळ मी कुणाचीच कुणी नसते. तो बुद्ध मला हवा आहे. फक्त रागाचा बुद्ध मला पुरत नाही.

लिहिलं. आता तुम्ही आणखी रागवा.

एक मागते. मोबाईल नसेल तर स्वप्नालीच्या फोनवर तुमच्या आवाजात वंदना भरून पाठवा. वर्गातल्या लोकांना ऐकवायची आहे. त्यांना कळू दे, बुद्ध मोठ्यानंही म्हणता येतो.

खरं सांगू? लोकांना ऐकवायची हे निमित्त. तुमचा आवाज ऐकून पाच महिने झाले. भांडायला का होईना, मला तो हवा आहे.

अनुजा

---

गावाकडून,
२ फेब्रुवारी २०२४

अनुजाताई,
जयभीम.

हे पत्र मी, स्वप्नाली, लिहितीय. आण्णांस्नी न सांगता. फोनवर मला जमलं नसतं, मी रडले असते आणि तुम्हाला अर्धंच कळलं असतं.

तुमचं शेवटचं पत्र त्यांनी मला वाचाय दिलं. वंदना भरून पाठवा, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग उठून मागच्या दाराला जाऊन बसले. मला त्या दिवसापासनं जेवण गोड लागंना.

ताई, आण्णांचा आवाज गेलाय. ऑगस्टात घसा दुखतोय म्हणून कोल्हापूरला नेलं. कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला पुढं भोक हाय, त्यातनं श्वास घेत्यात. वर रुमाल बांधत्यात. पाटीवर लिहून बोलत्यात. मोबाईल कुठं पडला न्हवता. तुम्हाला सांगायचं न्हाय म्हणून मला आईची शपथ घातली. म्हणजे तसं लिहिलं. 'ती परत सगळं टाकून येईल. परीक्षा होऊ दे.'

आता दुसरं सांगते, ते ऐकून तुम्हाला राग येईल. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा झाली. आण्णांनी आदल्या दिवशी बसून हरकत लिहिलती. मसणवट कधीपासनं आपली हाय, कुणाकुणाला तिथं अग्नी दिला, सगळं. झेंडावंदन झालं, सभा सुरू झाली, दुकानगाळ्यांचा विषय आला. आण्णा उठले आणि कागद पुढं केला. ग्रामसेवक म्हणाला, "असं कागद देऊन चालत न्हाय. तोंडी सांगा." आण्णांनी रुमाल खाली केला आणि गळा दाखवला. मागनं कोणतरी हसलं.

सरपंच विजयसिंह लई गोड बोलले. "आण्णा, तुमचा आमाला मान हाय. पण सभेत बोलावं लागतं. तुमच्याकडनं दुसरं कोण बोलणार असंल तर बोलू दे की."

आपली माणसं मागं बसलती. कुणाचं पोरगं पतसंस्थेत चिकटवायचं हाय, कुणाच्या उसाला अजून तोड मिळंना. सगळ्यांनी खाली बघितलं. मी उभी राहिले ताई. खरंच राहिले. सगळा गाव वळून बघाय लागला आणि माझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाय. ग्रामसेवक म्हणाला, "बसा बाई, पुढचा विषय." मी बसले.

इतिवृत्तात लिहिलंय, 'या विषयावर तोंडी हरकत कोणीही घेतली नाही. ठराव एकमताने मंजूर.'

येताना आण्णांनी सगळा रस्ता माझ्याकडं बघितलं न्हाय. घरी आल्यावर पाटीवर लिहिलं, 'तुझी चूक न्हाय. चहा कर.' चहा केला. त्यांनी घेतला न्हाय.

तुमची,
स्वप्नाली

---

फ्रायबुर्ग
१६ फेब्रुवारी २०२४

आण्णा,

काल फोन केला. स्वप्नालीनं तो तुमच्या कानाला लावला. मी काय बोलले मला आठवत नाही. तुम्ही फोनवर नखानं टकटक केलंत, एवढं आठवतं. मी गप्प झाले की टकटक. म्हणजे बोल. मी बोलत राहिले.

मी नर्स आहे, आण्णा. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही तर घसा दाखवा, हे मी इथल्या म्हाताऱ्यांच्या लेकरांना सांगते. तुमचा बसलेला आवाज मी फोनवर ऐकला आणि मला वाटलं तुम्हाला भरून आलंय. तुम्ही पत्र लिहू लागलात तर वाटलं, वा, माझ्यासाठी. अक्षर वाकडं झालं तर चष्म्याचा नंबर. आणि वर मी तुम्हाला मौनाचे फायदे लिहून पाठवले. ते पत्र जाळा. ब्रांट आजींबद्दल लिहिलेलं तर आधी जाळा.

मार्चमध्ये येते. आश्रमाच्या बाई रजा द्यायला कुरकुर करताहेत, पण देतील. नाही दिली तरी येते.

अनुजा

---

गावाकडून,
६ मार्च २०२४

चि. अनुजास,
सप्रेम जयभीम.

येऊ नगंस. हे मी हात जोडून लिहितोय.

मागल्या आठवड्यात कोल्हापूरला तपासणी झाली. सगळं ठीक हाय म्हणाले. मग येऊन काय करणार? माझ्या तोंडाकडं बघत बसणार. आई गेली तेव्हा तू सात महिने चुलीपुढं बसून भाकरी थापल्यास आणि रात्री त्या जर्मन भाषेची पुस्तकं उघडून तशीच झोपायचीस. मी ते बघितलंय. ते परत दाखवू नगंस मला. परीक्षा दे, कागद हातात घे, मग ये. मी हाय.

आता तू विचारलंस ते सांगतो. गप राहून काय सापडलं?

पहिल्यांदा लाज सापडली. माणसं मला बहिरा समजत्यात. कानाशी येऊन वरडत्यात, "आण्णाऽ, बरं हाय काऽ?" ल्हान पोरं गळ्याकडं बघून पळत्यात. खोकला तोंडातनं न्हाय, भोकातनं येतो. भोकात पाणी जाईल ह्याचं भ्या वाटतं. मी आता नदीला जात न्हाय.

मग राग सापडला. तो तुला पत्रात दिसला. पाटीवर शिवी लिहिली तर लिहिस्तर राग निघून जातो, हा एक तोटा हाय बघ.

शांती मला न्हाय सापडली. पण पहाटे विहारात कुणी नसताना जाऊन बसतो. मनात वंदना म्हणतो, आणि आत माझा आवाज पहिल्यासारखा हाय. तेवढा कुणाला कापता आला न्हाय. तू डोंगरात बसून जे म्हणतेस ते हेच असंल तर, मी तुला उगंच बोललो. नसंल तर तू मला समजावून सांग. पण एवढं ध्यानात ठेव. गप बसणं तू निवडलंस. माझ्यावर आलं. ग्रामसभेत आपली माणसं गप बसली, ते आणि तिसरंच. पुस्तक लिहिशील तेव्हा ही तिन्ही एका पोत्यात घालू नगंस.

तुझी पत्रं जाळली न्हाईत. ब्रांट म्हातारीला तू कपडे घातल्यास ते मला आवडलं.

तुझा,
आण्णा

---

गावाकडून,
२८ मे २०२४

अनुजाताई,
जयभीम.

फोनवर तुम्ही विचारत होतासा आणि मी हुं हुं करत होते. आता सगळं लिहिते. तुम्हाला कळायला पाहिजे.

मार्चात त्यांनी तुम्हाला 'सगळं ठीक हाय' लिहिलं, ते खोटं हुतं. गाठ परत आलती. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. मला परत शपथ. ताई, एकदा मोडली ती मोडली, दुसऱ्यांदा मोडायचा मला धीर झाला न्हाय. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

आण्णा गेले त्या दिवशी सकाळी उठून बसले हुते. पेज दिली, दोन चमचे गेली. मग गळ्यातनं रक्त आलं. लई आलं. मी टॉवेल धरला. त्यांनी माझा हात घट्ट धरलाता, दुखाय लागला इतका. गाडी बोलवस्तर हात सैल झाला.

तुम्ही दोन दिवसांत पोचते म्हणालासा. उन्हाळा कसला हाय तुम्हाला माहीत हाय, आणि रक्त थांबत न्हवतं. मोठ्या माणसांनी ठरवलं, दुपारीच न्यायचं. मी म्हटलं ताईंस्नी थांबूया, पण माझं कोण ऐकतंय.

मसणवटीला गेलो तर तारेचं कुंपण. महिन्यापूर्वीच घातलंय. फाटकाला कुलूप. किल्ली ग्रामसेवकाकडं आणि ग्रामसेवक पन्हाळ्याला मीटिंगला. तिरडी खांद्यावर घेऊन माणसं उन्हात उभी. कोण म्हणंना तार तोडा, कोण म्हणंना मागं फिरा. विजयसिंह मोटारसायकलवर आले. खाली उतरून आण्णांच्या पाया पडले. मग म्हणाले, "आजचा दिवस वाद नको. पलीकडं ओढ्याकाठी जागा हाय की. लाकडाचं मी बघतो."

ताई, तिथं गावातली मेलेली जनावरं टाकत्यात.

त्या वेळी मी वरडले. काय काय बोलले मला धड आठवत न्हाय. "ह्यांची बायको आत हाय, ह्यांचा बा आत हाय, ह्यांस्नी भाईर जाळताय?" असं म्हणाले. सरपंचांस्नी अरेतुरे केलं. बायका तिरडीबरोबर येत नसत्यात म्हणून कोण मला हाताला धरून मागं ओढत हुतं, ती आपलीच माणसं. मी कुलूप धरून हलवलं. हाताला लागलं. विजयसिंह गपचूप मोटारसायकलला टेकून उभे राहिले. त्यांस्नी वेळ हुता. आम्हाला न्हवता. मयत उन्हात हुतं.

शेवटी ओढ्याकाठीच अग्नी दिला. कुंपणाच्या भाईर.

वंदना मी घ्यायची हुती. वरडून घसा गेलाता, त्रिसरणाच्या पुढं आवाजच फुटंना. मग कुणीतरी मोबाईलवर लावली. मधी जाहिरात लागली ताई. कसल्यातरी पंख्याची. सगळी तशीच हात जोडून उभी राहिली, संपस्तर.

तुमचा फोन वाजत हुता तो त्याच वेळी.

अस्थी माझ्याकडं हायत. तुम्ही सांगाल तसं.

स्वप्नाली

---

फ्रायबुर्ग
३० जून २०२४

प्रिय स्वप्नाली,
जयभीम.

तू दुसऱ्यांदा शपथ मोडली नाहीस म्हणून मी तुला काहीही म्हणणार नाही. त्यांचा हात तू धरला होतास. हाताला लागलंय ते दवाखान्यात दाखव, गंजलेल्या लोखंडाचं असेल तर इंजेक्शन घे. हे आधी कर, मग पुढचं वाच.

त्या दिवशी दुपारीच सगळं झालं हे फोनवर कळल्यावर मी निघालेच नाही. तुझं पत्र आल्यावर काही दिवस मी कामाला गेले आणि आले, एवढंच. आश्रमात सगळ्यांनी हळू आवाजात सांत्वन केलं. इथे सगळं हळू आवाजात होतं.

मागच्या रविवारी ध्यानवर्गाला गेले. महिनाभर गेले नव्हते. शिकवणाऱ्या बाईंना माझे वडील गेल्याचं कळलं होतं. त्यांनी माझ्यासाठी म्हणून त्या दिवशीचा विषय ठेवला, सोडून देणं. नदी कशी वाहते, पान कसं गळतं. चांगल्या आहेत त्या. मनापासून बोलत होत्या. मग घंटा वाजली आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

मीही मिटले. आण्णांनी लिहिलं होतं, आत आवाज पहिल्यासारखा आहे. मी तो शोधत होते. त्याऐवजी मला पंख्याची जाहिरात ऐकू यायला लागली. मी ती ऐकलेलीच नाही, तुझ्या पत्रात वाचलीय, तरी ऐकू येत होती.

मी तोंड उघडलं आणि वंदना म्हणायला लागले. मोठ्यानं. तुझी जिथे अडली तिथून. लोकांनी डोळे उघडले. बाईंनी हळूच घंटेवर टोला दिला, म्हणजे थांब. मी थांबले नाही. त्यांनी पुन्हा दिला. माझा आवाज फाटला, सूर गेला, मध्ये रडू आलं तरी म्हणत राहिले, शेवटपर्यंत.

नंतर एका गृहस्थांनी येऊन सांगितलं की फार सुंदर होतं, फक्त पुढच्या वेळी आधी कल्पना द्यावी. मी हो म्हटलं. पुढची वेळ नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं काही चुकत नाही, स्वप्नाली. त्यांना गप्प बसायला जागा हवी आहे आणि त्यांच्याकडे ती आहे. ज्याच्या माणसाला जाळायला जागा नाही, त्यानं त्या हॉलमध्ये काय सोडून द्यायचं, ते मात्र मला त्या बाईंना विचारायचं होतं. जर्मनमध्ये वाक्य जमवत होते तोवर त्या पायमोजे घडी करून निघून गेल्या.

पुस्तक मी बाजूला ठेवलंय. आण्णांनी सांगितलेली तीन वेगवेगळी गप्पपणं मला अजून नीट मांडता येत नाहीत.

आता कामाचं. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते. माझी परीक्षा त्याच आठवड्यात आहे. मी परीक्षेतून नाव काढून घेतलं. पुन्हा देता येते, पण तोवर मदतनीसच राहायचं, आणि तोवर मला ठेवतील की नाही हे आश्रमाच्या बाईंनी सांगितलेलं नाही. आण्णांना हे मुळीच आवडलं नसतं. म्हणून तुला सांगते, त्यांच्या वतीनं तू मला रागावू नकोस. रागावायचा हक्क त्यांचा होता.

ग्रामपंचायतीत जाऊन मतदार यादीत माझं नाव आहे का ते बघ. असलं तर मला सभेत कुणी बसा बाई म्हणू शकत नाही. म्हणतीलच. सभेत बोलून ती जागा परत मिळेल असं मला वाटत नाही. ठराव झालाय, कुंपण झालंय, पावसाळा संपला की पाया खणतील. तरी इतिवृत्तात कोणीही नाही असं त्यांना पुन्हा लिहिता येऊ नये.

अस्थी असू देत तुझ्याकडे. मी आल्यावर फाटक उघडायला सांगू. नाही उघडलं तर तारेखालून हात घालून आईजवळ ठेवू.

सभेत तू माझ्या शेजारी बस. मला भीती वाटते. तुला वाटली तशीच. माझा आवाज अडला तर तू उठ.

तुझी,
अनुजा